गादीला पाणी

टाकीवाल्यांना कुणी विचारलं असतं, की तुम्ही आयुष्यात नेमकं केलंत काय, तर त्यांनी छाती पुढे काढून सांगितलं असतं, "पाणी दिलं." आणि ते खोटं नव्हतं. गावाच्या पाण्याच्या टाकीवर ते नोकरीला लागले तेव्हा डोक्यावर दाट केस होते, निवृत्त झाले तेव्हा नुसती टोपी उरली होती. मधली सगळी वर्षं खांद्यावर लांब दांड्याची लोखंडी चावी टाकून त्यांनी रस्तोरस्ती व्हॉल्व्ह फिरवले. स्वतःच्या लग्नालासुद्धा ते सकाळचं पाणी सोडून मगच उभे राहिले, आणि बायकोने हे त्यांना जन्मभर ऐकवलं. पाण्याची वेळ चुकवणारा माणूस त्यांच्या लेखी माणूसच नव्हता.

आता अशा माणसाच्या हाती लागली गादी. म्हणजे बघा!

गादी झोपायची नव्हे. बायकोने खिडकीखाली, दाराच्या पायरीपासून कुंपणापर्यंत, विटांचा एक उथळ वाफा केला होता. त्यात माती नावाला, बाकी सगळा विटांचा चुरा, वाळू आणि खडी. त्यावर ही बुटकी, जमिनीला चिकटून पसरत जाणारी वनस्पती. तांदळाच्या दाण्याएवढी जाड, रसरशीत पानं, आणि वाढ इतकी दाट की खालची खडी दिसायची नाही. ऊन तापलं की पानांच्या कडा लालसर व्हायच्या आणि वर्षातून एकदा वर बारीक गुलाबी फुलं यायची. तिला काहीतरी भारदस्त नाव होतं, पण ते बायकोलाही कधी आठवलं नाही. हात फिरवला की मऊ लागते म्हणून तिने नाव ठेवलं गादी. कुणीतरी कुठूनतरी दिलेली एवढीशी काडी, तिची तिने वाफाभर केली होती.

"तुम्ही तिच्याकडे बघूसुद्धा नका," एवढी एकच सूचना तिने नवऱ्याला देऊन ठेवली होती. टाकीवाल्यांना त्याचा भारी राग यायचा. अख्ख्या गावाला पाणी पाजणाऱ्या माणसाला घरच्या वाफ्याकडे फिरकायची बंदी! पण बायकोचा शब्द मोडायची त्यांची टाप नव्हती.

मग ती गेली. दुपारी छातीत दुखतंय म्हणाली, आणि दिवेलागणीला घरात टाकीवाले एकटे उरले.

त्यांची एकुलती एक मुलगी दूरच्या शहरात शाळेत शिकवायची आणि तिथे एकटीच राहायची. आईचं सगळं आटोपल्यावर तिने एका डब्यात गादीचा तुकडा आपल्यासाठी काढून घेतला आणि बापासमोर येऊन बसली.

"बाबा, आता तुम्ही माझ्याकडे चला."

"का? मला काय धाड भरलीय?"

"इथे एकटे काय कराल? तुम्हाला स्वतःकडे लक्ष देता येत नाही."

"मला? अगं, सगळ्या गावाकडे लक्ष दिलंय मी!"

खरी गोष्ट वेगळीच होती, ती काही त्यांनी सांगितली नाही. ह्या घरात बायको अजून होती. दाराशी तिच्या चपला होत्या, चष्मा खिडकीत होता. हे घर सोडलं तर ती दुसऱ्यांदा जाईल, अशी त्यांना धास्ती होती. पण असलं काही तोंडाने बोलायची सवय नसलेल्या माणसाने काय करावं? तर फुशारकी मारावी.

"हे बघ," ते म्हणाले, "ही तुझ्या आईची गादी. थंडी संपली की तू ये. तेव्हा ही अशीच हिरवीगार दिसली, तर मला नेण्याचा विषय कायमचा बंद. आणि मेली, तर मी मुकाट्याने बॅग भरतो. शब्द म्हणजे शब्द."

मुलीने वाफ्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि बरं म्हणाली. ह्यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. कुणी मागितलं नव्हतं, सांगितलं नव्हतं, आणि टाकीवाल्यांनी आपलं राहतं घर वीतभरही उंची नसलेल्या झाडावर लावून टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून कारभार सुरू झाला. त्यांनी लांब नळीची नवी झारी आणली. सकाळी एक पाळी, संध्याकाळी एक पाळी, घड्याळ लावून. गावाचे व्हॉल्व्ह सुटल्यापासून त्यांचे हात नुसते लटकत होते. त्या हातांना काम मिळालं तसे ते खुशीत आले. गादीही पानं टम्म फुगवून, चकचकीत होऊन बसली.

मुलीचा फोन दिवसातून तीनदा यायचा. सकाळी "उठलात का", दुपारी "जेवलात का", संध्याकाळी "दार नीट लावलंत का".

"गादी कशी आहे?"

"बाळसं धरलंय!" टाकीवाले म्हणायचे. "तुझ्या आईने उपाशी ठेवली होती बिचारीला."

मुलगी त्यावर गप्प व्हायची. ती गप्प का होते, हा प्रश्न टाकीवाल्यांच्या डोक्यात येण्याइतकी जागा तिथे नव्हती. सगळी अभिमानाने भरली होती.

पुढे पानं काचेसारखी दिसायला लागली. मग पिवळी पडली. मग मान टाकायला लागली. आता मान टाकलेलं झाड बघून जगातला कुठलाही पाणीवाला काय म्हणेल? तहानलंय! टाकीवाल्यांनी दुपारची तिसरी पाळी सुरू केली. बुडत्याचा पाय खोलात, तो असा. शिवाय रोपवाटिकेच्या मालकाकडे जाऊन आले. त्याने काय, कसं, कुठे, काही न विचारता "खत कमी पडतंय" असं सांगून पिशवीभर खत गळ्यात मारलं. तेही घातलं.

एका सकाळी वाफ्याला वास यायला लागला. टाकीवाल्यांनी वाकून गादीच्या कडेला हात घातला, तर वीतभर तुकडा ओल्या फडक्यासारखा हातात आला. खाली मुळं काळी, बुळबुळीत. मग दुसरा तुकडा. मग तिसरा. ते तसेच मटकन पायरीवर बसले.

"वा रे पाणीवाले!" ते स्वतःलाच म्हणाले. "अख्खी हयात गेली पाणी देण्यात, आणि मारलं कुणाला, तर तिच्या झाडाला. तेही पाणी पाजून!"

दुपारी फोन वाजला. "गादी कशी आहे?"

"मजेत," टाकीवाले म्हणाले आणि त्यांनी पुढ्यातलं ताट बाजूला सारलं.

कुंपणापलीकडच्या घरात शिलाईवाल्या बाई राहायच्या. खिडकीतच त्यांचं मशीन. बायकोची आणि त्यांची जिवाभावाची मैत्री होती, त्यामुळे टाकीवाले त्यांचे भावजी. संध्याकाळी टाकीवाले सगळा सडका माल गुपचूप पाटीत भरत होते, तेवढ्यात मशीन थांबलं.

"भावजी, कसला हो वास येतोय?"

"कुठे? मला नाही येत."

"गिऱ्हाईकं नाक धरून माप देतायत, आणि तुम्हाला येत नाही?" बाई कुंपणाशी आल्या आणि पाटीत डोकावल्या. "अगंबाई. ही तिची गादी?"

आता लपवून काय उपयोग! टाकीवाल्यांनी मान हलवली.

"पाणी घातलंत?"

"घातलं."

"किती?"

"वेळच्या वेळी," टाकीवाले ताठ होऊन म्हणाले. "एक दिवस खाडा नाही."

बाईंना हसू आवरेना. त्या कुंपणाला धरून हसल्या, पदराने डोळे पुसून पुन्हा हसल्या. टाकीवाल्यांना आधी राग आला, पण पाटीकडे नजर गेल्यावर तो राग कुणावर काढावा तेच कळेना. मग बाईंनी त्यांना आपल्या खिडकीशी बोलावलं. तिथे चिंध्यांच्या ढिगाआड एक पत्र्याचा गंजका डबा होता, आणि डब्याच्या काठावरून खाली लोंबत होती गादी. सुकलेली, लालसर, धुळीने माखलेली, पण चांगली जिवंत.

"तिनेच दिलेली," बाई म्हणाल्या. "मला झाडातलं ओ की ठो कळत नाही हो भावजी. मी तिच्याकडे बघतच नाही. ह्या कपड्यांतून मान वर काढायला सवड कुठे आहे? कधी डब्यावर सुई पडली तर आठवण होते."

"आणि जगली?"

"ती म्हणायची, ह्या बयेला माया सोसत नाही. पान दोन बोटांत धरून बघायचं. टणक असेल तर चालू लागायचं. सुरकुती पडलेली दिसली की घोटभर द्यायचं, तोवर नाही."

"हे तिने मला कधी सांगितलं नाही!"

"तुम्हाला सांगितलं होतं की. बघूसुद्धा नका म्हणून."

बाईंनी डब्यातल्या चार काड्या मोडून त्यांच्या तळहातावर ठेवल्या. "आता ह्या घेऊन धावत सुटू नका. आधी नुसत्या कोरड्या पडू द्या. मोडलेली जागा सुकली, की मग खडीवर ठेवा. खोचू नका, दाबू नका. ठेवा आणि विसरा. विसरता येईल ना?"

"त्यात काय अवघड आहे?" टाकीवाले म्हणाले.

सगळं आयुष्य कामात गेलेल्या माणसाला काही न करणं किती जड जातं, ते त्यांना पुढच्या दिवसांत कळलं. वाफा उपसून वाळत घातला, पुन्हा खडी-वाळू भरली, काड्या ठेवल्या, इथपर्यंत ठीक होतं, कारण ते काम होतं. त्यानंतर हात शिवशिवायला लागले. झारी समोर दिसू नये म्हणून त्यांनी ती शिलाईवाल्या बाईंकडे ठेवायला दिली, आणि संध्याकाळी भांड्यात पाणी घेऊन वाफ्याशी उभे राहिले. बाईंनी खिडकीच्या गजावर कात्री आपटली. "भावजी!" टाकीवाले ते पाणी स्वतः प्यायले. दुसऱ्या दिवशी त्यांना वाफ्याच्या कडेलाच चूळ भरायची फार निकड लागली. पुन्हा कात्री वाजली. पान टणक आहे का, हे ते इतक्या वेळा बोटांत धरून बघत, की पहिल्या काडीची पानं त्या तपासणीनेच चेपून गळाली. जित्याची खोड ती हीच.

शेवटी त्यांनी हात मांड्यांखाली दाबून पायरीवर बसायला सुरुवात केली. नुसतं बसायचं. बायको गेल्यापासून ते असे कधी बसलेच नव्हते. आधी पाहुणे होते, मग कागदपत्रं होती, मग झारी होती. आता काहीच नव्हतं. समोर उघडी खडी आणि त्यात तीन काड्या. तेव्हा त्यांना रडू आलं, आणि एकदा आलं ते चांगलं लांबलं. ती दुपारी छातीत दुखतंय म्हणाली, तेव्हा त्यांनी काय केलं होतं? तर धावत जाऊन तिला पाणी आणून दिलं होतं. दुसरं येतच काय होतं त्यांना! बाईंचं मशीन त्या दिवशी बराच वेळ थांबलेलं होतं, पण कात्री काही वाजली नाही.

थंडी ओसरत आली तशा काड्यांनी मुळं धरली. एकीला दोन फांद्या फुटल्या. दुसरी तळहाताएवढी पसरली. पण तेवढंच. वाफा बाकी सगळा उघडाबोडका, टाकीवाल्यांच्या टाळूसारखा. फोनवर "मजेत, मजेत" चाललंच होतं.

आणि एका सकाळी, ठरल्यापेक्षा थोडी आधीच, मुलगी फाटकात उभी. हातात लहानशी पिशवी, चेहरा ओढलेला. टाकीवाले पायरीवर होते. तिने बापाकडे पाहिलंच नाही. ती सरळ वाफ्याकडे गेली आणि तिथेच थांबली.

टाकीवाले उठून उभे राहिले. शब्द म्हणजे शब्द. "हरलो," ते म्हणाले. "बॅग माळ्यावर आहे, काढतो. फक्त तिच्या चपला आणि चष्मा बरोबर घेईन म्हणतो. चालेल ना?"

"सगळी गेली?" तिने विचारलं. तिचा आवाज लहानपणी पडून गुडघा फोडून घ्यायची, तेव्हासारखा निघाला.

"माझ्यामुळे गेली. पाण्याने."

मुलगी तिथे खडीतच बसली. "बाबा, माझीही गेली."

"काय?"

"मी डब्यातून नेली होती ना, ती. केव्हाच गेली. मी रोज पाणी घालायचे हो! शाळेत जाताना घालायचे, आल्यावर घालायचे. आईचं आहे म्हणून झोपतानाही एकदा घालायचे. तुम्ही फोनवर मजेत म्हणायचात, तेव्हा वाटायचं, चला, बाबांकडे तरी आहे. मला तुम्हाला न्यायला यायचंच नव्हतं आत्ता. मी एक काडी मागायला आलेय." आणि ती रडायला लागली.

टाकीवाले बघत राहिले. सकाळी, संध्याकाळी आणि झोपताना! ह्या पोरीला कुणी घड्याळ लावून दिलं होतं? "खाण तशी माती," त्यांच्या तोंडून निघून गेलं. मुलीला रडता रडता हसू फुटलं, तसे तेही हसले. ह्या घरात बापलेक मिळून हसल्याला किती दिवस झाले होते, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

मग त्यांनी तिला त्या काड्या दाखवल्या. "ह्या तिच्याच आहेत. तिने पलीकडे दिलेल्या, तिथून परत आणल्या. बघ, ही पसरलीय."

"सुकलीये हो ही!" मुलगी ताडकन उठली आणि पाण्याचं भांडं शोधायला लागली.

"बस खाली!" टाकीवाले ओरडले. नळाला चोरून मोटर लावणाऱ्यांवरही ते कधी इतक्या जोरात ओरडले नव्हते. पलीकडे कात्री गजावर आपटणार होती, ती हवेतच थांबली. "दोन बोटांत धर पान. टणक आहे? मग चालू लाग. सुरकुती पडली तरच, आणि तेही घोटभर."

मुलीने पान धरून पाहिलं. मग पान न सोडताच ती बापाकडे वळली.

"बाबा, मी तुम्हाला दिवसातून तीनदा फोन करते."

"करतेस खरी."

"मला भीती वाटते हो. आईच्या वेळी मी नव्हते. तुम्हाला काही झालं तर मला कळायलाही नको?"

"तुझं चुकत नाही," टाकीवाले म्हणाले. "पण अगं, मी आंघोळीतून निथळत फोनला धावतो. तोंडातला घास तसाच ठेवून जेवलो म्हणून सांगतो. कुजलो नाही अजून, पण मुळं ओली झालीत खरी."

मुलीने नाक पुसलं. "मग आता न्यायचं काय करू या? मेली तर येणार म्हणाला होतात."

"मेली कुठे? आहे की एवढी."

"पण हिरवीगारही नाही."

"नाही," टाकीवाल्यांनी कबूल केलं.

"मग तुम्ही जिंकलातही नाही आणि हरलातही नाही. ती बॅग राहू दे माळ्यावर." ती उठली आणि खडीत बसून मळलेले कपडे झटकले. "फोन नाही करत. सुरकुती पडली की तुम्हीच सांगा."

दुसऱ्या दिवशी ती गेली. पर्सच्या वरच्या कप्प्यात एक काडी, कशातही न गुंडाळलेली, कोरडी. फाटकातून तिने विचारलं, "घरी गेल्यावर लगेच लावू?" टाकीवाले म्हणाले, "विसर." मग त्यांनाच राहवलं नाही, म्हणून आणखी तीनदा तेच ओरडून सांगितलं.

संध्याकाळी फोन आला नाही. टाकीवाल्यांनी सुखाने दार लावलं. सकाळी आला नाही. आंघोळ निवांत झाली. दुपारी आला नाही. घास चावून चावून खाल्ला, आणि त्याला काही चव लागली नाही. त्यांनी फोन उचलून उलटासुलटा पाहिला. बिघडला असेल म्हणून शिलाईवाल्या बाईंना तिथून एकदा लावून बघायला सांगितलं. तो ठणठणीत वाजला. बाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांचं ते न बोलणं टाकीवाल्यांना कुंपणाच्या अलीकडे ऐकू आलं.

ऊन उतरल्यावर ते पायरीवर येऊन बसले. वाकून गादीचं पान दोन बोटांत धरलं. टणक होतं. मग इकडेतिकडे बघून त्यांनी हळूच स्वतःच्या हातावरची कातडी दोन बोटांत धरली. ती धरली तशीच उभी राहिली, खाली बसेना. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि फोन लावला.

पहिल्या घंटेलाच उचलला गेला. मुलगी फोन हातातच धरून बसली होती.

"बाबा? काय झालं? सुरकुती पडली?"

"थोडीशी," टाकीवाले म्हणाले. "घोटभर बोल."